ब्रेक, लोकल आणि आमची ओटी

परवाचीच गोष्ट. रविवारची दुपार, जेवणं आटोपलेली, आणि आमच्या घरी जर्मनीचा व्हिडिओ कॉल चालू. भाची तीन वर्षांपासून श्टुटगार्टला असते. बोलता बोलता ती आजीला म्हणाली, "आजी, दोन दिवस फोन करायला जमलं नाही गं, माझं हँडी फुटलं होतं."

आई म्हणाली, "फुटू दे गं. मातीच्या भांड्याचं आयुष्य ते केवढं! पण तिकडे हंडीत करतेस तरी काय?"

पलीकडे पोरगी हसून हसून लाल. मग उलगडा झाला. जर्मन लोक मोबाइल फोनला 'हँडी' म्हणतात! शब्द दिसायला अगदी इंग्रजी. पण लंडनला जाऊन "माझं हँडी हरवलं" म्हणालात तर समोरचा नुसता बघत राहील. इंग्रजीत ते विशेषण आहे, हाताशी असलेलं, सोयीचं, अशा अर्थाचं. जर्मनांनी त्याला फोन करून टाकलं.

मग भाचीने अशा शब्दांची यादीच ऐकवली. ऑफिसात भिंतीवर चित्र पाडणारा प्रोजेक्टर म्हणजे 'बीमर'. कुणीतरी जपून, पुसून ठेवलेली जुनी मोटार म्हणजे 'ओल्डटायमर'. फ्रान्समध्ये तर मेजवानीला घालायच्या काळ्या सुटाला 'स्मोकिंग' म्हणतात, आणि खेळाच्या बुटांना 'बास्केट'. हे सगळे शब्द इंग्रजांच्या घरून नेलेले, पण इंग्रजाला आता ओळखू येणार नाहीत असे. आणि हल्लीच्या पोरांचं विचारू नका. जर्मनीत दरवर्षी तरुणांचा 'वर्षाचा शब्द' निवडतात, त्यात २०२१ साली निवडून आला 'क्रिंज'. म्हणजे कुणाचं वागणं बघून आपल्यालाच लाज वाटावी तसं. गंमत म्हणजे आमच्या शेजारची अकरावीतली मुलगीही दिवसातून दहा वेळा हेच म्हणते. श्टुटगार्ट काय आणि बोईसर काय!

मी भाचीला म्हटलं, "अगं, आपण कुठे मागे आहोत? सुट्टीवर आलीस की बोईसर स्टेशनबाहेर नुसती अर्धा तास उभी राहा."

खरंच राहून बघा. पहिल्यांदा कानावर येईल, "एक सीट, एक सीट, एमआयडीसी!" इथे सीट म्हणजे बाकडं नव्हे, बसणारा माणूस. "चार सीट झाल्या की निघू" असं रिक्षावाला सांगतो तेव्हा त्या चार सीटमधली एक आपण असतो. चौघांची वाट बघायची नसेल तर 'स्पेशल' करायची. म्हणजे रिक्षात विशेष काही नाही, पैसे मात्र विशेष. स्टेशनवर टीसीने कुणाला धरलं असेल तर तो 'विदाऊट' सापडला. कशाशिवाय, ते सांगायची गरजच नाही. इंग्रजीतलं एक बिचारं शब्दयोगी अव्यय, त्याला आपण सरळ गुन्ह्याचं नाव करून टाकलं. आणि जिच्यातून पालघरकरांच्या पिढ्या मुंबईला गेल्या त्या गाडीचं नाव काय, तर 'फ्लाइंग राणी'. अर्धी इंग्रज, अर्धी आपली!

माझा सगळ्यात आवडता शब्द म्हणजे क्वार्टर. अणुशक्ती केंद्रात, म्हणजे आमच्या भाषेत टॅप्सला, नोकरी लागली की कॉलनीत 'ते क्वार्टर' मिळतं. आणि संध्याकाळी कुणी मारून आला तर 'ती क्वार्टर'. घर नपुंसकलिंगी, दारू स्त्रीलिंगी. कुठल्या व्याकरणाच्या बाईंनी हे शिकवलं? कुणीच नाही. तरी इथल्या एकाही माणसाचा यात कधी गोंधळ होत नाही. "त्याला क्वार्टर मिळालं" आणि "त्याला क्वार्टर मिळाली" यातला फरक तिसरीतल्या पोरालाही कळतो :-)

मला वाटतं शब्द आपल्या घरचा झाला की नाही हे ओळखायची हीच खूण. मराठी त्याला लिंग देते. ती लोकल, तो पास, ते तिकीट. इंग्रजीत या शब्दांना लिंग नव्हतंच, ते आपण दिलं. बारसं करावं तसं. जर्मनही हेच करतात, त्यांच्याकडे फोन नपुंसकलिंगी आहे आणि प्रोजेक्टर पुल्लिंगी. दुसरी खूण म्हणजे क्रियापद. जर्मन माणूस इंग्रजी 'चिल'ला आपले प्रत्यय मागेपुढे लावून त्याचं जर्मन क्रियापद करतो. आपण एकच अवजार वापरतो, मारणे! नाईट मारली, राउंड मारला, कट मारला, चिल मार. परका शब्द कितीही ताठ असू दे, पुढे 'मारणे' लावलं की वाकतोच.

आता माझे एक स्नेही आहेत, मराठीचे मोठे अभिमानी. त्यांना असलं काही ऐकवलं की ते कळवळतात. मराठी बाटली म्हणतात. त्यांचा कळवळा खोटा नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून वाद घालताना मी जपून घालतो. पण घालतो.

पहिलं म्हणजे आपल्या भागाने बाटायला इंग्रजांची वाट पाहिली नव्हती. तारापूर, केळवे-माहीम, शिरगाव हे सगळे किल्ले एके काळी पोर्तुगीजांकडे होते. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये ते राज्य इथून उठवलं. पोर्तुगीज गेले, पण जाताना चावी इथेच विसरले. म्हणजे शब्दशः, कारण 'चावी' हा शब्द त्यांचा. बटाटा त्यांचा, पाव त्यांचा, बालदी त्यांची, बांधकामावरच्या बाईच्या डोक्यावरचं घमेलंही त्यांचंच. आणि ज्यासाठी अख्खं एमआयडीसी सकाळी उठून धावतं तो 'पगार'? तोही पोर्तुगीज. आता कुणाची हिंमत आहे पगार परका म्हणून परत करायची?

दुसरं म्हणजे शुद्धीकरणाचे प्रयत्न थोरामोठ्यांनी करून झालेत. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय द्यायला राज्यव्यवहारकोश करवून घेतला. सावरकरांनी शब्द घडवले. त्यातला 'महापौर' आज इतका रुळलाय की तो कुणी घडवला होता हेही आपण विसरलो. पण त्याच टाकसाळीतला 'दूरध्वनी' मात्र अर्जावरच्या रकान्यात बसून राहिला. "तुला दूरध्वनी करतो" असं मी आजवर कुणाला म्हणालेलो नाही, आणि ते स्नेहीही मला कधी म्हणाले नाहीत. फ्रान्समध्ये तर १९९४ साली भाषेसाठी कायदाच केला. पुढे २००३मध्ये सरकारी कामकाजात ईमेलऐवजी 'कुरिएल' असा फ्रेंच शब्द ठरवून दिला. असे शब्द थोडे चालतात, थोडे पडून राहतात. शेवटी लोक जीभ विचारून बोलतात, राजपत्र विचारून नव्हे.

एक साधं वाक्य घ्या. "या महिन्यात हजेरी पूर्ण आहे, ओटी लागली तर पगार बरा येईल." बोईसरच्या कुठल्याही चाळीत ऐकू येईल असं. हजेरी अरबी-फारसीतून आलेली, ओटी इंग्रजी, पगार पोर्तुगीज. पण वाक्य? शंभर टक्के मराठी. कणा मराठीचा आहे आणि त्यातली काळजीही.

ओटीवरून आठवलं. मघाची हंडी हा आईचा पहिला पराक्रम नव्हे. आम्ही चाळीत राहायचो तेव्हा शेजारी नवीन लग्न झालेली सून आली होती. संध्याकाळी आईने सहज विचारलं, "आज मंडळी अजून आली नाहीत वाटतं?" ती म्हणाली, "नाही काकू, त्यांना आज ओटी आहे." आई घरात येऊन विचारात पडली, "पुरुषाची कसली गं ओटी भरतात यांच्यात?" (आई, हे वाचून रागावू नकोस. सगळ्या नातेवाइकांना माहीतच आहे ते.) ओव्हरटाइमची ओटी झाली आणि आमच्या घरात कायमची खुंटीला लागली. बाबांची ओटी झाली की महिनाअखेरीस पापलेट यायचं, म्हणून आम्हा मुलांना दोन्ही ओट्या सारख्याच मंगल वाटायच्या.

इथवर सगळी गंमत. पण लिहायला बसलो ते या गमतीसाठी नाही. त्या दिवशी कॉल संपल्यावर मला एक जुना शब्द आठवला आणि दुपारची झोप गेली. तो शब्द म्हणजे 'ब्रेक'.

बी.कॉम. झाल्यावर मी काही महिने इथल्याच एका कारखान्यात ठेकेदाराकडून लागलो होतो. स्टोअरमध्ये काम. सातव्या महिन्यात एका शनिवारी सुपरवायझरने बोलावून सांगितलं, "सोमवारपासून तुला ब्रेक." अगदी सहज, पाठीवर हात ठेवून. मला खरंच वाईट वाटलं नाही. शब्दच तसा ना! चहाचा ब्रेक, लंचचा ब्रेक. ब्रेक म्हणजे दमल्यावर मिळते ती गोष्ट. घरी येऊन मी बाबांना सांगितलं, "मला ब्रेक दिलाय."

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी चश्मा काढला.

"म्हणजे काढलं."

"काढलं नाही हो बाबा, ब्रेक दिलाय."

"पगार मिळणार?"

"नाही."

"परत कधी बोलावलंय?"

"कळवतो म्हणालेत."

"मग मराठीत सांग ना, काढलं म्हणून!"

त्यावर मला काही बोलता आलं नाही. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात, तो १९४७चा, वर्षात २४० दिवस काम भरलं की नोकरी सलग धरली जायची आणि माणसाला काही हक्क मिळायचे. ते दिवस भरायच्या आत मध्ये खंड पाडायचा, मग पुन्हा नव्याने घ्यायचं, घेतलं तर. त्या खंडाचं नाव ब्रेक. माझ्या बरोबरची मुलं होती, त्यांना असे चार चार, पाच पाच ब्रेक मिळालेले. एकाचं लग्न त्यावरून मोडलं, कारण मुलीकडच्यांनी विचारलं "परमनंट आहे का?" आणि हा म्हणाला "सध्या ब्रेकवर आहे." मी बाहेर पडलो, पुढे दुसरीकडे मार्गी लागलो. सगळे नाही लागले.

तेव्हापासून माझं एक मत झालं आहे, तेच आज सांगायचंय. शब्द कुठल्या भाषेतून आला हे विचारू नका. तो कुणी आणला आणि कशाकरता आणला ते विचारा.

विदाऊट, सीट, ओटी, ती क्वार्टर, हे शब्द लोकांनी आणले. आपल्या कामासाठी आणले, हवे तसे कापले, वाकवले. त्यांच्यात लपवाछपवी नाही. विदाऊट म्हणजे विदाऊट! पण 'ब्रेक' आम्ही आणला नाही, तो आमच्यावर सोडला गेला. तो इंग्रजीतच ठेवण्यात सोय होती, कारण मराठीत आणला की तो 'काढलं' होतो, आणि काढलं म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, 'का?' तीच गोष्ट 'लेबर सप्लाय'ची. हे शब्द बोईसरला पाट्यांवर बिनदिक्कत लिहिलेले असतात. पाणी सप्लाय, वीज सप्लाय, तशी माणसं सप्लाय. मराठीत 'माणसं पुरवतो' अशी पाटी लावून बघा, लावणाऱ्यालाच कसंतरी होईल.

११ जानेवारी २०२०च्या संध्याकाळी तारापूर एमआयडीसीत, कोलवड्याला, स्फोट झाला. माणसं गेली. त्या रात्री लोकांच्या तोंडी एकच शब्द होता, 'ब्लास्ट'. तोही इंग्रजीच. पण त्या शब्दात आवाज आहे, धूर आहे, भीती आहे. कागदावर मात्र अशा गोष्टींचा 'इन्सिडंट' होतो. दोन्ही शब्द परकेच, पण एक खरं बोलतो आणि दुसरा खाली मान घालून बाजूने निघून जातो.

आणि हो, हे पाप एकट्या इंग्रजीचं नाही, हेही माझ्या स्नेह्यांना सांगायला हवं. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांचं 'पुनर्वसन' झालं. शब्द बघा, शंभर नंबरी संस्कृत, एक अक्षर परकं नाही. पण समुद्राच्या काठावरचं घर सोडून आलेल्या माणसाला विचारा त्या शब्दात काय काय मावतं आणि काय मावत नाही. त्याच्याकडे त्यासाठी साधं वाक्य आहे, 'आम्हाला उठवलं.' ते मला जास्त खरं वाटतं.

एका बाबतीत मात्र मी स्नेह्यांच्या बाजूने आहे. हल्ली इथली लहान मुलं जेवताना 'राईस' मागतात. आमच्याकडे शेतात उभं असतं ते भात, सडून हातात येतात ते तांदूळ, ताटात पडतो तो पुन्हा भात, आणि आजाऱ्याला पेज. या सगळ्याचा एक 'राईस' झाला तर तो गरजेने आणलेला शब्द नव्हे. घरातलं भांडं असताना ते अडगळीत टाकून बाजारातलं आणलं, एवढंच. हाही वरून आलेलाच शब्द, फक्त कारखान्यातून नाही, इंग्रजी शाळेच्या दारातून. लपवायचं इथेही काहीतरी असतंच. आपण शेतकऱ्याचे, कोळ्याचे, चाळीतले, हे लपवायचं असतं.

आता शेवटचा शब्द, जो मला सगळ्यात जास्त टोचतो. 'लोकल'.

एप्रिल २०१३मध्ये लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत आली तेव्हा आम्ही केवढे खूश झालो होतो. तोवर आपली शटल आणि मेमू. लोकल आली म्हणजे आपण मुंबईला जोडलो गेलो असं वाटलं. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट २०१४ला, पालघर जिल्हाही झाला. पण हाच शब्द बाजारात गेला की बदलतो. चांगला माल तो 'एक्सपोर्ट'चा, भिकार तो 'लोकल'. सातपाटीला मोठं, चकचकीत पापलेट निघालं तर ते एक्सपोर्टला जाणार आणि उरलेलं लोकलला. (त्याच पापलेटला २०२३मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला!) आणि कारखान्याच्या गेटवर गेलात तर तिसरा अर्थ भेटतो. "लोकल पोरं नकोत, लोकल पोरं दांड्या मारतात, लोकल पोरं युनियन करतात." तिथे लोकल म्हणजे आपण. ज्यांच्या जमिनीवर गेट उभं आहे ते.

गाडीचं नाव, हलक्या मालाचं नाव आणि आपलं नाव एकच असावं, हा योगायोग मला गोड वाटत नाही. त्याहून वाईट म्हणजे आपली मुलंही हा तिसरा अर्थ हसत हसत वापरायला लागलीत. परवा गावातलाच एक मुलगा शर्टाकडे बोट दाखवून मित्राला म्हणाला, "काय लोकल दिसतोय रे!" मित्र ओशाळला. दोघेही इथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे.

शब्दावर बंदी घालून यातलं काही सुटणार नाही हे कळतं मला. 'लोकल'ऐवजी 'स्थानिक' म्हटलं तरी गेटवरचा माणूस तेच तोंड करेल. पण निदान आपण तरी, शब्द उच्चारताना, बाबांसारखा एकदा चश्मा काढावा. "मराठीत सांग ना" असं स्वतःलाच म्हणावं. ज्या शब्दाचं मराठी करताना आपल्याला हसू येतं, तो खुशाल राहू दे, तो आपलाच झालाय. ज्याचं मराठी करताना जीभ अडखळते, तिथे काहीतरी झाकलेलं आहे असं समजावं.

असो. भाचीने नवीन हँडी घेतलंय. आईने तिला बजावलंय, "या वेळी जपून वापर, आणि चुलीवर ठेवू नकोस." आता ती मुद्दाम म्हणते की खरंच, ते मला अजून कळलेलं नाही.